केसाएवढा तंगूस

लुकेरियाला आमच्या आळीत निवांत बसलेली कुणी पाहिली नाही. उन्हाळ्यात कांद्याच्या वाफ्यात, हिवाळ्यात विहिरीवर, नाहीतर आपली दारातून आत आणि आतून दारात. बायका म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. आता नव्या सुनेला बसायला जागाच दिली नाही तर ती करणार काय? उभ्यानं खायचं, उभ्यानं प्यायचं, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पटकन झाडू हातात घ्यायचा. हे मी पहिल्या वर्षीचं सांगते. तेरेंतीनं तिला जंगलापलीकडच्या एस्ती, म्हणजे एस्टोनियन लोकांच्या गावातून करून आणली, त्या वर्षीचं.

माहेरी तिचं नाव साल्मे. आमच्यात यायचं म्हणून प्रार्थनाघराच्या एवसेईबाबांनी तिला पेइप्सी तळ्याच्या पाण्यात तीनदा बुडवून काढली, नाव लुकेरिया ठेवलं, गळ्यात क्रूस घातला. सगळं रीतसर झालं. पण सासूचं, सोलोमोनिया म्हातारीचं, मन काही त्या पाण्यात भिजलं नाही. ती म्हणायची, पाण्यानं अंग ओलं होतं, आतलं कुणी बघितलंय? आमच्या जुन्या ख्रिस्ती धर्माच्या रशियन घरात घरची माणसं एका वाडग्यातनं जेवतात आणि बाहेरच्याचं भांडं वेगळं ठेवतात. लुकेरियाचं वाडगं आणि चमचा चुलीमागच्या फळीवर होता, मांजराच्या बशीशेजारी. एवसेईबाबा एकदा म्हणालेसुद्धा, अहो सोलोमोनियाबाई, पोरगी आता आपली झाली, देवानं घेतली तर तुम्ही का घेत नाही? म्हातारी म्हणाली, देवाला भांडी घासावी लागत नाहीत.

तेरेंती गवंडी. आमचे सगळेच पुरुष गवंडी, थंडी जरा सैलावली की भिंती बांधायला लेनिनग्राडला पळणारे. त्या वर्षी तो लवकरच गेला. जाताना बायकोला म्हणाला, आईचं मनावर घेऊ नकोस, होईल सगळं. पुरुषांचं बरं असतं बघ. होईल सगळं म्हणायचं आणि थैला उचलायचा.

लुकेरियानं मनाशी एक ठरवलं होतं. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात देवदूताच्या निरोपाचा सण येतो, त्या दिवशी मासा चालतो. सगळं गोत एका टेबलाशी जमतं, मधे माशाच्या रश्शाचं मोठं वाडगं, आणि ज्याचा त्याचा चमचा त्याच वाडग्यात. त्या दिवशीसुद्धा आपलं भांडं वेगळंच निघालं, तर दुसऱ्या दिवशी माहेरची वाट धरायची. कुणाला बोलली नव्हती. पण भांडी घासतानासुद्धा दाराकडे तोंड करून उभी राहायची. पाय केव्हाच निघालेले, बाकीचं अंग तेवढं मागं राहिलेलं.

सणाचा मासा सोलोमोनिया स्वतः आणायची. नवरा गेल्यापासून त्याची पहार, त्याची घसरगाडी, बर्फावर बसायची त्याची लाकडी पेटी, सगळं तिच्याकडं आलं होतं. आळीतली एवढी एकच बाई पुरुषांच्यात जाऊन बर्फावर गरवायला बसायची आणि पुरुषांपेक्षा जास्त आणायची. पण त्या वर्षी डोळ्यांवर पडदा आला होता. म्हातारी कबूल करत नव्हती. सुईत दोरा जाईना तर म्हणायची, हल्ली सुयाच वाईट येतात.

आता गरीला दोर कुठला बांधायचा, यातच बर्फावरचा निम्मा मासा असतो. म्हातारीच्या पेटीत तीन तऱ्हेचे दोर होते. एक जाळ्यातला, वळलेला. हाताला छान लागतो, पण पाणी पितो. थंडीत वर काढला की जागच्या जागी गोठतो, दोन खेपांत मेणबत्तीच्या वातीसारखा ताठ. दुसरा नायलॉनचा जाड तंगूस. डोळे मिटून गाठ मारावी असा. पण गारठ्यात त्याची वेटोळी सुटत नाहीत, गरी बसवलेला शिशाचा बारका दाणा त्याला सरळ ओढू शकत नाही, आणि खाली माशानं तोंड लावलं तरी वर बोटाला पत्ता लागत नाही. शिवाय सणाच्या सुमाराला बर्फावरचं भुसभुशीत हिम वितळून जातं, उजेड पार तळापर्यंत पोचतो. त्या उजेडात तो तंगूस माशाला गाईच्या दाव्याएवढा दिसतो. तिसरा होता तेरेंतीनं शहरातनं आणलेला, केसाएवढा बारीक. पाणी पीत नाही, हलक्या दाण्यालाही सुतासारखा सरळ उतरतो, माशाला दिसत नाही. आता सोलोमोनियालाही दिसत नव्हता.

म्हणून ती जाड तंगूस घेऊन रोज जायची आणि हात हलवत परत यायची. कधी वाऱ्याला दोष, कधी चंद्राला, एकदा तर सून खिडकीतनं तिच्या पाठीकडं बघत होती म्हणून. शेजारी तिची नणंद, अनिस्याआत्या. ती कुंपणावरनं विचारायची, वहिनी, यंदा सणाला उकडलेला कांदा का गं? म्हातारी म्हणायची, कांदा नाही, तुझी जीभ शिजवू, सगळ्या गोताला पुरेल.

सणाच्या आदल्या दिवशी बर्फ काठापासून सुटला होता. मधल्या पाण्यावर फळ्या टाकलेल्या. शेवटचे पुरुष सामान घेऊन परत येत होते आणि म्हातारी निघाली होती. लुकेरिया मागोमाग गेली, कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"तू कशाला?"

"गाडी ओढायला."

"गाडी मला ओढता येत नाही?"

"येते की. मी मागून ढकलते."

बर्फ काळा पडला होता, वर घोट्याएवढं पाणी. पावलागणिक खालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. लुकेरियाचं निम्मं लक्ष आकाशाकडं, निम्मं काठाकडं. वारा काठाकडनं सुटला की बर्फाचा तुकडा माणसांसकट तळ्यात निघून जातो, हे तिला माहेरपासून ठाऊक. तिचा बापही गरवणारा. तिला वाटत होतं, परत फिरावं. आणि वाटत होतं, मासा मिळाल्याशिवाय परत जाऊन तरी काय? मासा नाही तर टेबल नाही, टेबल नाही तर माझं काय ते कळणार कधी?

म्हातारीनं पहारीनं भोक पाडलं, पेटीवर बसली, जाड तंगूस सोडला. काही नाही. दुसरं भोक पाडलं. काही नाही. लुकेरिया इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी म्हातारी म्हणाली, एका जागी राहा, तुझ्या पायांनी तळ्यातला मासा घाबरून पलीकडच्या काठाला गेला.

तेव्हा लुकेरिया सरळ ओल्या बर्फावर पालथी पडली. शाल डोक्यावरनं ओढून घेतली आणि भोकात बघायला लागली. खाली हिरवा उजेड. शिशाचा दाणा लटकतोय, वर तंगुसाची वेटोळी. पट्टेरी ओकुन मासे येत होते, चांगले तळव्याएवढे. दाण्यापाशी थांबायचे, वर दोराकडं बघितल्यासारखं करायचे आणि वळायचे.

"आई, येतायत. बघतायत आणि जातायत. दोर दिसतोय त्यांना."

"मी तुझी आई नाही."

"नसाल. मासे तरी आहेत."

म्हातारीनं कोटाच्या आतल्या खिशातनं बारीक तंगुसाची फिरकी काढली. म्हणजे रोज बरोबर आणत होती बघ, आणि रोज तशीच परत नेत होती. हातमोजे काढले, दाण्याच्या छिद्रात टोक घालायला लागली. वारा टोक उडवायचा. बोटं शोधायची, सापडायचं, परत निसटायचं. तिनं पाठ फिरवली, सुनेनं बघू नये म्हणून. लुकेरियानंही बघितलं नाही. तिची नजर काठालगतच्या उघड्या पाण्याच्या पट्ट्यावर होती, तो मघापेक्षा रुंद दिसत होता की काय असं वाटत होतं.

म्हातारी परत वळली तेव्हा मांडीवर तंगुसाचा घरटं व्हावं तसा गुंता झालेला. ती सुनेकडं न बघता दाणा पुढं करून म्हणाली, "बांध."

लुकेरियानं हातमोजे काढले. गुंता सोडवला, बोटांच्या मधनं ओढून तंगूस सरळ केला, टोक घातलं, वेढे दिले. आता गाठ आवळायच्या आधी ओली करायला लागते. कोरडी आवळली की तंगूस स्वतःवरच घासतो आणि पोळतो, हातातनं दोर सरकला की तळवा पोळतो तसा. सगळे गाठ तोंडात धरून ओली करतात. तिनंही सवयीनं ओठापर्यंत नेली, आणि थांबली. मासा सोडवताना म्हातारी तंगूस दातात धरणार. आपलं उष्टं तिच्या तोंडात जाणार. घरी ज्या बाईनं चमचासुद्धा वेगळा ठेवला, तिच्या तोंडात.

ती वाकली आणि गाठ भोकातल्या पाण्यात बुडवून आवळली. त्या पाण्यात बर्फाचा चुरा तरंगत होता. एखादा बारका खडा गाठीत बसला असणार, दिसला नाही. गाठ वरनं बघायला झकास.

म्हातारीनं गरी सोडली. काठीच्या टोकाला डुकराचा राठ केस बांधलेला होता, तो मासा लागला की हलतो. तो लगेच थरथरला. म्हातारीनं उचललं. जड होतं. एकावर एक हात टाकत ओढत आली, ओठ हलत होते, प्रार्थना म्हणत होती की शिव्या देत होती कुणास ठाऊक. भोकात काळी पाठ दिसली, लाल पर दिसले, ओकुन नव्हता, ओकुनांचा आजोबा होता. आणि एकदम हात हलका झाला.

म्हातारीनं तंगुसाचं टोक चाचपलं. डुकराच्या शेपटासारखं वळलेलं होतं.

"तुटला नाही. सुटलाय," ती म्हणाली. "तुझ्या बापानं गाठ शिकवली नाही का?"

"शिकवली."

"मग तोंडात धरली नाहीस?"

लुकेरियानं नजर काठाकडं वळवली.

"बोल की. जीभ गोठली?"

"तुमच्या तोंडाला लागेल म्हणून पाण्यात बुडवली."

म्हातारी तशीच बसून राहिली, टोक बोटात फिरवत. खालून बर्फ लांबवर तडकत गेला, दोघींच्या पायाखालनं आवाज निघून गेला. काठावर अनिस्याआत्या डोक्याचा रुमाल सोडून हलवत होती, परत या म्हणून. वारा फिरला होता. लुकेरिया म्हणाली, चला, वारा काठाकडनं सुटलाय. म्हातारी हलली नाही. तिनं खिशातनं दुसरा दाणा काढला.

"परत बांध," म्हणाली. "माणसासारखी बांध."

लुकेरियाची बोटं आता बधिर झालेली. तरी बांधली. गाठ ओठात धरली, जिभेनं ओली केली, सावकाश आवळली. गाठीबाहेर तंगुसाचं टोक राहिलं, ते कापायला तिनं पेटीतला चाकू शोधायला हात घातला. तेवढ्यात म्हातारीनं तंगूस स्वतःकडं ओढला, ओठानं गाठ चाचपून शोधली, आणि टोक दातानं तोडून बर्फावर थुंकलं. मग जुन्या रीतीनं दोन बोटांनी क्रूसाची खूण केली आणि गरी पाण्यात सोडली.

खाली मासे वाट बघत असल्यासारखे आले. म्हातारी एक काढायची, तंगूस दातात धरून मासा सोडवायची, परत सोडायची. लुकेरिया किडे लावून द्यायची, मासे पोत्यात टाकायची, काठाकडं बघायची. आता पुरे, म्हणाली. अजून एक, म्हातारी म्हणाली. मग पुन्हा तेच. शेवटी लुकेरियानं काठी काढून घेतली, म्हातारीला हाताला धरून उठवलं आणि गाडीवर बसवलं, पोत्यासारखी. म्हातारीनं तोंडात येईल ते ऐकवलं, पण गाडीवरनं उतरली नाही.

काठाजवळच्या फळ्या अर्ध्या पाण्यात गेल्या होत्या. अनिस्याआत्यानं एक पाय पाण्यात ठेवून हात दिला आणि दोघींना मनसोक्त झाडलं, आंधळी आणि वेडी, देवानं बरी जोडी जमवलीय म्हणाली.

तुला वाटेल, झालं, मिटलं. लुकेरियाला तसं नाही वाटलं. बर्फावर माणूस अडला की काहीही करतो. टेबल ते टेबल. त्या संध्याकाळी मासे साफ करताना दोनदा तिनं बोट कापून घेतलं. सासू नेहमीसारखीच. खवले नीट काढ, पित्त फोडू नकोस, एवढंच.

सणाला प्रार्थनाघरातनं सगळे आले. पुरुष शहरात, म्हणून बायका, म्हातारे आणि पोरं. टेबलावर रश्शाचं वाडगं आलं, वाफेनं खिडकी धुरकटली. लुकेरिया चुलीशी उभी, दार तिच्या डाव्या हाताला. म्हातारी चाचपत चाचपत चमचे मांडत होती. मांडून झाले तेव्हा एक चमचा जास्त होता, तिच्या स्वतःच्या शेजारी.

अनिस्याआत्याच्या लक्षात आलंच. "वहिनी, हिचं वाडगं विसरलीस."

"मासा हिच्या थुंकीवर आलाय, अनिस्या," सोलोमोनिया म्हणाली. "चालत नसेल तर तुझ्यासाठी कांदा उकडते."

पोरं खिदळली. एवसेईबाबांनी दाढीआड तोंड लपवलं आणि घाईनं प्रार्थना सुरू केली. अनिस्याआत्यानं नाक मुरडलं, पण चमचा सगळ्यांच्या आधी तिचाच बुडाला.

लुकेरिया आली, बाकाच्या टोकाशी टेकली न टेकली, आणि भरलेला चमचा तसाच तोंडात घातला. रस्सा चुलीवरनं नुकता उतरलेला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"सावकाश," सासू म्हणाली. "कुठं पळायचंय तुला?"