वहिनींच्या हाताचं माप

"अंदाजानं नोका सांगू," हे आमच्या शेजारच्या कंपाउंडर साहेबांचं ठरलेलं वाक्य. संग्रामपूरला सरकारी दवाखान्यात सारी नोकरी औषध मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर घरचं दूधही ते माप डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटूनच घ्यायचे. असा माणूस शेजारी असला की आपण सारं आयुष्य ढोबळमानाने काढलं असं वाटत राहतं, आणि तुम्हाला सांगतो, ते काही सुखाचं नसतं.

साहेबांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, लकव्याचा झटका आला. बोलणं, चालणं हळूहळू परत आलं, उजवा हात मात्र खांद्याच्या फार वर जाईना. घरात भिंतीतलं कपाट, त्याला दोनच फळ्या, दोन्ही उंचावर. रोज सकाळी साहेब साडी काढून द्यायचे. ते हौसेने द्यायचे, पण आपल्याच घरात आपल्याच साडीसाठी दुसऱ्याला सांगायचं, हे त्या मानी बाईच्या जिवाला लागायचं. एकदा माझ्या बायकोजवळ त्या यावरून रडल्या. मला राहवलं नाही, मी साहेबांना सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या अंगणात काढल्या. सुताराला बोलवा म्हटलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. करवत माझीच नेली. वहिनींना कपाटासमोर अनवाणी उभं केलं, हात जाईल तितका वर न्यायला लावला आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारली. मग आठ दिवस कापणं, रंधा मारणं, घासणं. मी फळीचं दुसरं टोक धरायचो आणि दर फळीमागे एक चहा वसूल करायचो.

कपाट झकास झालं. फक्त साड्या पलंगावरच राहिल्या. पॉलिश वाळू द्या, असं वहिनी दोन दिवस सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी साहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सर, गलती झाली माही. मले बरं वाटावं म्हनून तिनं दुखणं गिळून हात वर नेला. जनमभर पाह्यलं मी, डॉक्टर समोर आला का पेशंट म्हनते, बरं हाय. अन् घरच्या पेशंटचं खरं मानलं."

मी त्यांची थट्टा करण्याची संधी सहसा सोडत नसे. त्या दिवशी सोडली.

पुढचा अख्खा दिवस त्यांनी करवतीला हात लावला नाही. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून घरात बसून राहिले. दिव्याचं बटण दाबताना, दोरीवर टॉवेल टाकताना, खिडकीचा गज धरून माझ्या बायकोशी बोलताना वहिनींचा हात आपणहून कुठवर जातो, तेवढंच पाहत होते. संध्याकाळी त्यांनी पहिली रेघ पुसली आणि चांगली वीतभर खाली दुसरी मारली. फळ्या तिथं बसवल्या. त्यानंतर एका सकाळी वहिनी स्वतः काढलेली साडी नेसून आमच्याकडे आल्या, काही काम नसताना.

साहेब जाऊन आता वर्ष होत आलं. परवा मुलगा आईला अकोल्याला न्यायला आला. समजूत घालायला मलाही बोलावलं होतं. मी मुलाचीच बाजू घेतली, खोटं कशाला सांगू? एकट्या किती दिवस राहणार?

वहिनींनी सारं शांतपणे ऐकून घेतलं.

"येतो मी," त्या मुलाला म्हणाल्या. "पन या फळ्या संग घे. तिकडं किती उंचावर बसवाच्या, ते मले नोको विचारू. तुले बरं वाटावं म्हनून मी खोटंच सांगीन. दोन दिवस नुसता पाहत राह्य माह्याकडं, तुह्या बापानं पाह्यलं तसा."

मुलगा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. वर्तमानपत्राआडून कोण पाहतंय, हे वहिनींना त्या दिवशी ठाऊक होतं तर. फळ्या काढायला पेचकस आणतो म्हणून मी घरी आलो, आणि बराच वेळ मला परत जाता आलं नाही.