नववा टेक आणि भिंतीवरचं घड्याळ

“तिला काय विचारता? ती फक्त लिहिते,” रेकॉर्डिंग घेणारे आमचे लिमये साहेब दाराबाहेर कुणाला तरी सांगत होते.

मी आत टेपच्या डब्यावर लेबल चिकटवत होते. चिकटवत राहिले.

तसं ते खरंच होतं. साताऱ्यातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत मी लॉग ठेवायचे. लॉग म्हणजे रेकॉर्डिंगची वही. एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतात, त्या प्रत्येक खेपेला टेक म्हणतात. टेकचा नंबर, सुरू केल्याची वेळ, स्टॉपवॉचवर भरलेली मिनिटं, आणि शेवटी ओके किंवा एनजी. एनजी म्हणजे टाकाऊ. टेप परदेशी, मिळायला अवघड. त्यामुळे टाकाऊ टेकवरच पुढचा टेक घ्यायचा, म्हणजे जुना आपोआप पुसला जातो, ही साहेबांची शिस्त होती.

त्या आठवड्यात आम्ही सांगलीला एक नाट्यगृह तीन दिवस घेतलं होतं. चार मुलांचा रॉक बँड, त्यांची दुसरी एलपी. पहिलीतलं एक गाणं गणपतीत मांडवामांडवांतून वाजलं होतं, म्हणून कंपनीला पुन्हा तसलंच हवं होतं. मुलांना मुळीच नको होतं. गाणारा सलीम मिरजेचा, घरी सतारी बनवण्याचा धंदा. त्याची इलेक्ट्रिक गिटारही त्याच कारखान्यात घडलेली. ड्रमवाला वसंत माण तालुक्यातला, धनगराच्या घरचा. दोघांनी ठरवलं होतं की दुसरी बाजू सलग असावी. एक गाणं संपतं तिथूनच दुसरं सुरू, मध्ये शांतता नाही, खाली एकच षड्ज वाजत राहणार. शेवटचं गाणं वसंतच्या गावच्या ढोलावर बेतलेलं, सहा मिनिटांचं.

ते गाणं दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं. तिसऱ्या टेकला माझं पेन थांबलं. मध्यापासून ड्रम हळूहळू चढत गेला, सलीम त्याच्या मागे ओढला गेला, आणि शेवटी चौघेही धापा टाकत होते. साहेबांनी काचेमागून हात हलवला.

“ताल पळतोय. एनजी.”

“आवं साहेब, आमचा ढोल पळतोच की,” वसंत म्हणाला. “न्हाई पळाला तर नाचणारी माणसं थांबत्यात.”

“रेकॉर्डवर कोणी नाचत नाही.”

“त्येच तर,” वसंत म्हणाला. पोरं हसली, साहेब हसले नाहीत.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत सहा टेक झाले. नववा सरळ होता. घड्याळासारखा, असं साहेब खूश होऊन म्हणाले. मला तो मेल्यासारखा वाटला. पण माझं मत लिहायला लॉगमध्ये रकाना नव्हता.

दोन गोष्टी मात्र मी केल्या होत्या. चौथा टेक तिसऱ्यावर घ्यायला सांगितला होता, तेव्हा मी ते रीळ काढून पिशवीत टाकलं आणि मशीनवर टेस्टिंगचं रीळ चढवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सापडलं असतं तर नोकरी गेली असती, एवढं माहीत होतं.

दुसरी गोष्ट. नाट्यगृहात विजेवर चालणारं घड्याळ होतं. चार वाजता ते माझ्या मनगटी घड्याळाशी जुळत होतं, सात वाजता पाच मिनिटं मागे. नवव्या टेकपुढे मी लिहिलं: भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे. आमच्या टेप मशीनची मोटरही तशाच विजेवर चालते, हे साहेबांनीच मला शिकवलं होतं. मला शंका आली. ती मी लिहिली, बोलले नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत आणते, तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

दोन दिवसांनी साताऱ्यात टेपांची जोडणी सुरू झाली. शेवटचं गाणं जोडलं आणि जोडाच्या जागी षड्ज एकदम वर उडाला. कोणालाही ऐकू आलं असतं. सलीमचा आवाज नाकातून आल्यासारखा. मी स्टॉपवॉच लावलं. वहीत सहा मिनिटं बारा सेकंद होती, आता सहा मिनिटं एक.

कारण साधं होतं. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की विजेचा वेग पडतो. घड्याळ मागे पडतं, मोटर मंदावते, टेप हळू फिरते. तेव्हाचं रेकॉर्डिंग पुऱ्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. सांगलीत आम्ही लगेच ऐकलं होतं, पण तेव्हा मशीन ऐकवतानाही तेवढंच हळू होतं, म्हणून सगळं ठीक वाटलं.

साहेबांनी एक उपाय काढला: संध्याकाळची वाट पाहायची, वीज मंदावली की वाजवून दुसऱ्या मशीनवर उतरवायचं. ते मशीन बॅटरीवरचं होतं. आम्ही सगळे बल्बकडे बघत बसलो. त्या संध्याकाळी वीज नेमकी उत्तम होती.

पुन्हा रेकॉर्डिंग करणं शक्य नव्हतं. वसंत सैन्यभरतीत निवडला गेला होता, आदल्या दिवशीच ट्रंक घेऊन गेला. टेप दुसऱ्या सकाळी प्रेसिंगला, म्हणजे तबकड्या छापायला, जायची होती.

साहेबांनी चष्मा काढला. शेवटचं गाणं काढू, म्हणाले. तिथे पहिल्या एलपीतलं ते गाजलेलं घालू. लोकांना आवडेलच.

जोडणी ऐकायला आलेला सलीम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

“मग कव्हरवर नावही जुनंच छापा,” तो म्हणाला. “आमी दुसरी केलीच न्हाई.”

साहेबांनी ब्लेड उचललं. टेप ब्लेडनंच कापतात, तिरकी, म्हणजे जोड ऐकू येत नाही. माझी पिशवी टेबलाखाली पायाशी होती. त्यात डबा, छत्री आणि ते रीळ. तीन दिवस मी ते सोबत वागवत होते.

या गोष्टीला वर्ष झालं. साहेब माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलले. टेप वाया घालवल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, ती मीच टाइप केली. ढोलाचं ते गाणं एलपीवर आहे, दुसऱ्या बाजूला शेवटी. एलपी फारशी खपली नाही. वसंतनं छावणीतून एक कार्ड पाठवलं, त्यांच्या बराकीत ते लागलं की पोरं उठून नाचतात म्हणे. आता सांगलीला गेलो की साहेब दर तासाला मला भिंतीवरचं घड्याळ विचारतात. मी एवढंच शिकले की वहीतला शेरा कोणी वाचत नाही, तो ज्याला सांगायचा त्याला वेळेवर सांगावा लागतो.

त्या दिवशी वाक्य इंग्रजीत जुळवायला वेळ नव्हता. ब्लेड टेपला टेकलं होतं.

“साहेब, कापू नका,” मी म्हणाले. “तिसरा टेक मी पुसलेला नाही. तो माझ्या पिशवीत आहे. आणि घड्याळ मागे पडलेलं मला सांगलीतच दिसलं होतं.”