चिंधी बांधलेला दुधी

नरपडला एका चिकूच्या वाडीत मुंबईच्या जोडप्याने शाश्वत जगण्याची शिबिरं सुरू केली होती. शाश्वत म्हणजे काय, तर शनिवारी सकाळी गाडीने यायचं, मातीत हात घालायचे, त्या हातांचे फोटो काढायचे आणि रविवारी हात स्वच्छ धुऊन घरी जायचं. मी डहाणूला एका कचेरीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी या मंडळींना पाडे दाखवत फिरायचे. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता. तरी जायचे, कारण त्या जोडप्यातल्या ताई चारचौघांत "ही आमची इथली तज्ज्ञ" अशी माझी ओळख करून द्यायच्या. तेवढ्यावर मी फुगायचे.

२०१७च्या थंडीत त्यांच्या बारा जणांना मी सायवनजवळच्या आमच्या घरी नेलं. आये ओट्यावर सूप विणत बसली होती. पाच मिनिटांत ती सगळ्यांची मावशी झाली. एकाने बांबूची कामटी सोलायला घेतली, बोट कापून घेतलं आणि तशाच रक्ताळल्या बोटाने म्हणाला, "किती मेडिटेटिव्ह आहे हे!"

"काय बोलतो तो?" आयेने मला विचारलं.

"हळद मागतो," मी म्हटलं.

मग सगळे परसात गेले. तिथे मांडवावर दुधीचा वेल होता, सुकत आलेला; आता नवा दुधी धरून जून होणार नव्हता. आये दर वर्षी वेलावरचा एक चांगला दुधी बियाण्याला राखायची. त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायची, आणि चिंधी बांधली की घरातलं कुणी त्याला हात लावत नसे. तो वेलावरच टणक व्हायचा, मग चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायचा. हे बी तिने लग्नात माहेरून आणलं होतं आणि त्या एकेका दुधीतून इतकी वर्षं पुढे नेलं होतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. ते बी आमच्या परसाखेरीज कुठेच नव्हतं.

ताईंना नेमका तोच दिसला. सगळ्यांत मोठा, वर लाल चिंधी, फोटोला अगदी हवा तसा. "मावशी, हा घेऊ?"

आमच्याकडे दारी आलेल्याला घरधनीण नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं ते घरातल्या दुसऱ्या कुणी. आयेने माझ्याकडे पाहिलं. बारा जणही माझ्याकडेच पाहत होते.

"घ्या की," मी म्हणाले, "तुमचाच आहे."

संध्याकाळी नरपडला त्या दुधीत सुरी शिरेना. भाजीची वाट बघत बसलेल्या शहाण्यांपैकी एकालाही तो जून का झाला असेल हा प्रश्न पडला नाही. शेवटी करवत आणली. आतला गर बियांसकट खरवडून ताईंनी मोठ्या भक्तिभावाने खताच्या खड्ड्यात टाकला आणि कवचाला भोकं पाडून दिवा केला. "बघा, काहीच वाया जात नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खड्डा माझ्यापासून चार पावलांवर होता, बिया वरच दिसत होत्या, पण त्या लोकांसमोर खड्ड्यात हात घालायची मला लाज वाटली. पुढच्या शनिवारी गेले तेव्हा वर शेणकाला ओतून खड्डा बुजवला होता.

त्या लोकांना मी आजही नावं ठेवते. पण खरी किळस येते ती माझी.

पावसाच्या तोंडावर मी बाजारातून दुधीच्या बियांचं चकचकीत पाकीट घरी नेलं. "त्यांना ठाऊक नव्हतं, आये," मी म्हणाले. तिने पाकीट घेतलं आणि बी लावलं.

दिवाळीनंतर गेले तेव्हा वेल दुधींनी लगडला होता. एकाच्या देठाला चिंधी होती. मी परसाकडे वळले तशी आये हातातलं सूप खाली ठेवून लगबगीने मागे आली, आणि पहिल्यांदाच आलेल्या पाहुणीला सांगावं तसं हळू, समजावून म्हणाली, "तो बियाचा हाय. तो नाय तोडायचा."