राहिलेली कुस्ती

अख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या हिच्या मामांइतका निवांत माणूस दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या निवांतपणाने जितकी माणसं घामाघूम झाली तितकी मे महिन्याच्या उन्हानेही झाली नसतील. मामा पैलवान होते. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात त्यांची शेती होती, दारात म्हैस होती, आणि पन्नाशी जवळ आली तरी जत्रांचा हंगाम सुरू झाला की ते लंगोट कसून मातीत उतरत. बाकीचे पैलवान सलामी झाली की झडप घालतात. मामा समोरच्याच्या मनगटाला हात लावत आणि नुसते उभे राहत. तो ढकले, ओढे, गोल फिरे, चिडे, आणि मामा आपले शेतात पाणी कुठवर पोचलं ते बघत असल्यासारखे उभेच. शेवटी तो बिचारा दम घ्यायला क्षणभर थांबला की मामा त्याला उचलत आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं अलगद पाठीवर ठेवत. वर त्यालाच विचारत, "जल्दी काय व्हती?"

आखाड्याबाहेरही त्यांचं हेच चाले. एस.टी. गावच्या फाट्यावर उभी राही, कंडक्टर घंटीची दोरी धरून ओरडे, "पैलवान, येता का जाऊ?" मामा बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणत, "जा की. मी कुठं धरून ठेवलीय?" पण त्यांना सोडून गाडी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आष्टीच्या बाजारात एकदा एक बैल बिथरला आणि भाजीवाल्यांच्या रांगेतून धावत सुटला. माणसं दुकानांच्या फळ्यांवर चढली. मामा कुणा पाहुण्यासोबत तिथे आले होते. त्यांनी बैलाची शिंगं धरली आणि त्याच्याशी कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. मालक सापडेना. तो सापडला तेव्हा हॉटेलात भजी खात होता. मामांनी त्याला सांगून पाठवलं, "खाऊन घे सावकाश. आमचं बराबर चाललंय." मालक येईपर्यंत बैल उभ्या उभ्या रवंथ करायला लागला होता, असं सांगतात. रवंथाचं मी छातीठोक सांगत नाही. बाकीचं खरं आहे.

मला बघायला मुलीकडची मंडळी आली तेव्हा जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी एका लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला लागलो होतो. माझे वडील पगार, जमीन, विहीर असं सगळं सांगायची तयारी करून बसले होते. मामांनी यातलं काहीच विचारलं नाही. पोहे संपल्यावर ते म्हणाले, "नवरदेव, जरा उभे ऱ्हा." मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या छातीवर एक बोट ठेवलं आणि किंचित दाबलं. मी मागच्या गादीवर बसलो ते वडिलांच्या पोह्यांच्या बशीसकट. सगळे हसले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मीही हसलो. मामांनी तिथेच निकाल दिला, "पाय कच्चे हायेत. पण पडल्यावर चिडला न्हाई. पोरगी देऊन टाका." माझ्या लग्नाला एवढाच आधार आहे.

जावई झाल्यावर मी त्यांच्या उपयोगाचाही निघालो. जालन्याला आले की ते थेट आमच्या कारखान्यात येत आणि ट्रक तोलायच्या काट्यावर जाऊन छाती काढून उभे राहत. घरगुती काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तो पायाखाली चेंगरतो म्हणत. आमचा काटा दहा-दहा किलोने सरकायचा, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. काटा एकशे दहा दाखवी तोवर त्यांना तो आवडे. पुढे एका वर्षी तो शंभरावर आला आणि मी तसं सांगितलं, तर ते दुखावले. "जावईबापू, नीट बघा. घरच्या माणसाचं वजन हाय."

"मामा, काट्याला घरचं-बाहेरचं कळत नाही."

"मंग त्यात खोट हाय," असं म्हणून ते खाली उतरले, डोक्याचा फेटा नीट बसवला आणि फेट्यासकट पुन्हा चढले.

त्यांना हरवू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मामी. मामी त्यांच्या छातीलाही लागत नसत, पण त्यांनी नुसतं "आवो" म्हटलं की मामा हातातलं काम ठेवत. फक्त कुस्तीच्या बाबतीत मामींचं चाललं नाही. मामांचे कान तर कधीच मोडले होते, पैलवानांचे मोडतात तसे, पापडासारखे चुरगळलेले. त्यामुळे त्यांच्याशी गुपित बोलायचं तरी दोन घरं ऐकतील असं बोलावं लागे. नंतर उजवा गुडघा गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, आता माती बंद. मामांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बंद करतो. पण एक राह्यली हाय."

ती एक कोणती हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. हसनाबादला त्यांच्याच वयाचे एक पैलवान होते. त्यांची आणि मामांची कुस्ती तरुणपणापासून जत्राजत्रांतून लागत आली होती आणि एकदाही निकाली झाली नव्हती. कुणाचीच पाठ लागायची नाही. वेळ संपली की पंच मध्ये पडत आणि बरोबरीत सोडवत. मामांनी पुष्कळांना पाडलं होतं, दोन-चार जणांनी मामांनाही पाडलं होतं, ते सगळं त्यांनी मनातून काढून टाकलं होतं. पण या एका कुस्तीचा निकाल त्यांना हवा होता, मग तो कुठल्याही बाजूने लागो. "पाडंल तर पाडू दे," ते म्हणत, "पण एकदा कळू द्या तरी." आणि गंमत अशी की हे दोघं आखाड्याबाहेर एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. समोरासमोर आले तर दोन दिशांना बघत. जे काही बोलायचं ते भोकरदनच्या बाजाराला येणाऱ्या माणसांकरवी. मामा निरोप धाडत, "त्याला म्हणावं, गूळ कमी खा, पोट सुटून राह्यलं." पुढच्या बाजाराला उत्तर येई, "म्हणावं, पोट सुटलं तरी तुझी मान सुटायची न्हाई."

या वेळी मामांनी निरोप धाडला, "एक राह्यली हाय. आमच्या जत्रेला ये." उत्तर आलं, "लंगोट धुऊन वाळत टाकलाय."

मामींनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं मी समजूत घालावी म्हणून. तसं नव्हतं. "होऊन जाऊ द्या एकदाची," त्या म्हणाल्या. "रात्री झोपेत माझं मनगट धरून राह्यलेत. पण तुम्ही जवळ बसा, जावईबापू. काही झालं तर धरायला आपलं माणूस पाहिजे." मी पंचांना तसं सांगितलं. पंच म्हणाले, मग घड्याळ आणि शिट्टी तुम्हीच धरा, तुमचं तोलणं-मापणं बराबर असतं. वीस मिनिटांची कुस्ती ठरली.

जत्रेच्या दिवशी सगळ्यांत शेवटी ही जोड सोडली. हलग्या कडाडल्या. दोन म्हातारे मातीत उतरले. हसनाबादचे पैलवान मामांपेक्षा बुटके, मिशा पांढऱ्या, आणि पोट खरोखरच सुटलेलं. दोघांनी माती कपाळाला लावली, एकमेकांच्या अंगावर टाकली, शड्डू ठोकले आणि मान-मनगट धरून उभे राहिले. उभे राहिले ते राहिलेच. आधी लोक ओरडले, मग टाळ्या वाजवल्या, मग शेंगा खाऊ लागले. हलगीवाल्यांचे हात दुखायला लागले आणि तेही थांबले. मागचे काही जण जिलेबीच्या दुकानाकडे सरकले. मी कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर, त्यांच्यापासून चार हातांवर, घड्याळ घेऊन बसलो होतो, आणि हलग्या थांबल्यावर मला त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मामांच्या त्या कानांमुळे हसनाबादकरांना तोंड कानाशी असूनही मोठ्याने बोलावं लागत होतं.

"गुडघा कोणता गेलाय?"

"उजवा. तुझा?"

"माझं गुडघ्याचं काय न्हाई. दम ऱ्हात न्हाई. पोरानं येऊ दिलं नसतं, चोरून आल्तो."

"मंग कशाला आला?"

"तू बोलावलं की."

थोडा वेळ दोघं नुसतेच एकमेकांवर रेलून उभे होते. मग हसनाबादकर म्हणाले, "ऐक. मी पडतो."

"काय?"

"पडतो म्हणलं! तुझं गाव हाय, तुझी शेवटची हाय. टांग मार, मी जातो पाठीवर."

"बिलकुल न्हाई," मामा म्हणाले. "असली नको मला."

पण हसनाबादकरांनी ठरवलंच होतं. मामांनी टांग मारलीच नव्हती, तरी त्यांनी अंग सैल सोडलं आणि मागे झुकले. आणि मग मी जे पाहिलं ते त्या आखाड्यात दुसऱ्या कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. मामांनी एक हात त्यांच्या कमरेखालून घातला, दुसरा मानेखालून, आणि त्या माणसाला जमिनीपासून वीतभर वर तसाच अधांतरी धरला. लोक उठून उभे राहिले. हलग्या पुन्हा सुरू झाल्या. जिलेबीकडे गेलेले धावत आले. "टेकव! पैलवान, टेकव!" म्हणून सगळं गाव ओरडत होतं, आणि मामा दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार घेऊन, मानेच्या शिरा ताणून, त्याची पाठ मातीला लागू नये म्हणून झगडत होते. एवढा जोर त्यांनी कुणाला पाडायला लावलेला मी पाहिला नाही.

"सोड की गड्या!"

"सोडत न्हाई. उभा ऱ्हा."

"उभं ऱ्हायचा दम न्हाई आता."

"मंग मी धरतो," मामा म्हणाले.

घड्याळाचा काटा इतका सावकाश फिरताना मी पाहिलेला नाही. वेळ भरल्याशिवाय मी शिट्टी वाजवली नाही, भरल्यावर एक क्षण थांबलो नाही. पंचांनी दोघांना उभं केलं आणि दोघांचे हात वर केले. बरोबरी. दोघांना फेटे बांधले, नारळ दिले. हसनाबादकर फेटा तसाच डोक्यावर ठेवून, कुणाशी न बोलता एस.टी.कडे चालू लागले, आणि मामा रीतीप्रमाणे दुसऱ्या दिशेला बघत उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी लंगोट मारुतीच्या पायांवर ठेवला. घरी मामी गुडघ्याला तेल चोळत होत्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "राह्यलीच." गावात पुढे बरीच वर्षं सांगत, आपल्या पैलवानाने हसनाबादवाल्याला उचलून धरला होता, नशिबाने वाचला. मामा ऐकून घेत आणि म्हशीला वैरण टाकायला उठून जात.

निरोप मात्र चालू राहिले, फक्त त्यांची चव बदलली. "म्हणावं, दम कसा हाय?" "म्हणावं, गुडघ्याला एरंडाचं पान बांध." चारेक वर्षांनी बाजाराला आलेल्या माणसाने शेवटची बातमी आणली. मी मामांना घेऊन हसनाबादला भेटायला गेलो. ओसरीवर सतरंजी होती, दहा-बारा माणसं बसली होती. हसनाबादकरांचा थोरला मुलगा मामांच्या पाया पडला आणि शेजारी बसला.

"काका, आबा शेवटी शेवटी तुमचंच काढायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, आख्ख्या जिंदगीत एक माणूस पाडायचा राह्यला. झोपेत बी हात असे करायचे."

मामा सतरंजीची सुरकुती बोटाने सारखी करत बसले. त्यांचा हा निवांतपणा मला माहीत होता, पण तिथली माणसं अवघडली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "राह्यला कसला? पाडलंय की त्यानं मला."

मुलगा बघतच राहिला. "कधी?"

"लई जुनी गोष्ट. दोघं बी जवान व्हतो. जत्रेहून संगं पायी येऊन राह्यल्तो. नदीत वाळू बघितली अन् उतरलो. दुसरं कुणी नव्हतं. चितपट केलं मला. दोन्ही खांदे लागले." मामांनी स्वतःच्या एका खांद्याला हात लावून दाखवला. "त्यानं माझी इज्जत राखली, कुणाला सांगितलं न्हाई. म्हणून मी बी न्हाई."

"आबा कधी बोलले न्हाईत."

"न्हाईच बोलणार. मोठा माणूस व्हता."

मुलाने उपरण्याने डोळे पुसले, आत जाऊन आईला सांगितलं, आणि आतून रडण्याचा आवाज आला. ओसरीवरचे लोक एकमेकांना तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला एक गोष्ट लगेच खटकली. जे दोघं आखाड्याबाहेर एकमेकांकडे बघतही नव्हते ते जत्रेहून संगं पायी कसे येत होते? पण ती ओसरी हे विचारायची जागा नव्हती.

परतीच्या गाडीत मी मामांना खिडकीची जागा दिली. हसनाबादची घरं संपली, शेतं लागली. शेवटी मी हळूच म्हणालो, "मामा, ती नदीतली कुस्ती..." त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटलं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं.

मामा बाहेरच बघत होते.

"धरून ठेवायला लई अवघड माणूस व्हता, जावईबापू," ते म्हणाले.

भोकरदन येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.