इलारियोनचं दाट रक्त

निकोलासाच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. खाणीच्या त्या उंच गावात, जिथे पाणी उकळलं तरी बटाटा शिजायचं नाव घेत नाही, तिथल्या बाजारात ती तीस वर्षं कोंबडीचं परतलेलं रक्त विकत होती. कांद्याची पात आणि पुदिना घालून. थकलेल्या खाणकामगाराला तिचं एकच औषध: ''खा, रक्त वाढेल.''

खाणीतून निवृत्त झालेला तिचा नवरा इलारियोन यंदा खचला. ओठ जांभळे, कानात गुणगुण, दोन पायऱ्या चढला की बसकण. अशक्तपणा, दुसरं काय! निकोलासानं त्याचा वाडगा दुप्पट केला, वर बीटचा रस. गाल लालबुंद झाले तेव्हा गुण आला म्हणून ती बाजारभर सांगत सुटली. आठवड्यानं तो चक्कर येऊन पडला.

दवाखान्यातली नर्स फ्लोरिंदा म्हणाली, ''मावशी, काकांचं रक्त कमी नाही, जास्त झालंय. काकवीसारखं दाट.''

''रक्त कधी जास्त होतं होय गं?''

''होतं. इथली हवा विरळ. ते मूत्रपिंडाला कळतं, ते हाडांना निरोप धाडतं, हाडं जास्त रक्त बनवतात, हृदय ते फिरवतं. सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून तर आपण इथं जगतो. काकांच्या अंगात मात्र 'पुरे' म्हणणारं कुणी उरलं नाही. दाट रक्त ढकलताना हृदयाच्या नाकी नऊ आलेत. आज थोडं काढते, पण खरा उपाय खाली उतरणं. कायमचं.''

''आणि मी त्याला वाडगे भरभरून...''

''तुमच्या वाडग्याशिवायही झालं असतं हो. आता तेवढं बंद करा.''

इलारियोनला खाली वानुको शहरात, त्याच्या बहिणीकडे धाडलं. निकोलासा वरच राहिली. तीस वर्षांची गिऱ्हाइकं कुणाच्या भरवशावर सोडायची? फोनवर नणंद सांगायची, त्याचे ओठ निवळले, झोप लागते. निकोलासा ''बरं झालं'' म्हणायची आणि रिकाम्या घरात रडायची.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी तो गाड्यापुढे येऊन उभा राहिला. ओठ पुन्हा जांभळे.

तिचा जीव आनंदानं उसळला आणि लगेच रागानं फुटला. ''मरायला आलास का, म्हाताऱ्या?''

''तुला बघायला आलो,'' तो धापा टाकत म्हणाला. ''खाली हवा पुष्कळ आहे गं. पण करमत नाही. परत धाडलंस तर परत येईन.''

येईल. चाळीस वर्षांच्या संसारात त्याचा हट्ट ती पुरता ओळखून होती. तिनं झारा शेजारणीच्या हातात दिला. ''सांभाळ गाडा. आजपासून तुझा.'' शेजारीण काही विचारेपर्यंत ती त्याचा दंड धरून चालायला लागलीसुद्धा.

वानुकोची गाडी उभीच होती. इलारियोन खिडकीशी बसला. निकोलासा त्याच्या शेजारी बसली, तशीच, एप्रनमध्ये. तिच्या हाताला रक्ताचा वास येत होता. गाडी उताराला लागली तशी ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

''मी कधी खाली राहिले नाही रे,'' ती हळूच म्हणाली. ''मला तिथं सोसलं नाही तर?''

''मग मी तुला वर घेऊन येईन,'' इलारियोन म्हणाला.