तलवाड्याच्या रस्त्यावरचा लाल डाग

पुण्याहून निघताना पिशवीत सेन्सरचे खोके होते आणि बायकोने दिलेले धपाटे. मराठवाड्यात जाताना धपाटे न्यायचा आगाऊपणा आमच्याच घरी होऊ शकतो.

गेवराई सोडली की कपाशी आणि ऊस दोन्ही बाजूंनी सोबत करतात. तलवाड्याच्या अलीकडे नव्या रस्त्याचा भराव चालू होता. तिथल्या रोलरला मला यंत्र बसवून द्यायचे होते. थरथरत्या रोलरला खालची जमीन किती जोराने उलट धक्का देते, ते हे यंत्र मोजते. जमीन घट्ट असेल तर पडद्यावर हिरवे, पोकळ असेल तर लाल.

रोलर चालवणारा ज्ञानोबा त्याच गावचा. सगळा पट्टा हिरवा झाला, एक डाग सोडून. पाणी मारले, पुन्हा रोलर फिरवला. लाल तो लालच.

"सायेब, तुमचं मशीनच येडं हाय," तो म्हणाला.

मलाही तीच शंका होती. गुपचूप सेन्सर बदलला, तरी डाग तिथेच.

"खोदू या," मी म्हणालो.

"आज नगं. उद्या सकाळी आमची धाकटी बहीण ह्याच रस्त्यानं ऊसतोडीला जानार हाय, समदा संसार ट्रॉलीत घालून. रस्ता खोदला तर वड्यातून जावं लागंल. मागल्या साली तिथं ट्रॉली पलटी झालती."

"म्हणूनच खोदू या."

तो रोलरवरून खाली उतरला. मग त्यानेच जेसीबीवाल्याला हाक मारली. मुरूम निघाला, भुसभुशीत माती निघाली आणि खाली गोल पोकळी दिसली. जुन्या ज्वारीचा कुबट वास आला.

"पेव हाय, भुईतलं धान्याचं कोठार. हितं आमच्या आज्याचं खळं व्हतं. नुसतं तोंड बुजवलं आन् इसरले."

थराथराने मुरूम भरत, दाबत दिवस गेला. मध्ये त्याच्या भाकरी-ठेच्याबरोबर माझे धपाटेही निघाले. "लई ग्वाड हायेत," तो म्हणाला. ही तारीफ नव्हती. दिवस मावळायच्या आत डाग हिरवा झाला.

सकाळी मी एसटीची वाट पाहत होतो. ट्रॉली आली. भांडी, गाठोडी, एक शेळी आणि वर त्याची बहीण. ज्ञानोबा भरलेल्या जागेशेजारी उभा होता.

"दादा, कावून उबा हायस?"

"उगंच. जपून ऱ्हा."

पडद्यावर हिरवे मीच पाहिले होते, तरी मागचे चाक पलीकडे जाईपर्यंत मला धीर नव्हता. इतकी वर्षे मी रंग पाहून निघून येत असे. त्या रस्त्याने कोण जाणार, हे यावेळी पहिल्यांदाच ठाऊक होते.

घरी बायकोने विचारले, "झालं का काम?"

"ट्रॉली गेली," मी म्हणालो.