परक्या सरदाराचं सोंग

हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा इंग्रजीच्या सरांनी गॅदरिंगसाठी एक जुनं इंग्रजी नाटक बसवायला घेतलं. त्यात परमुलखातून आलेला एक काळा सरदार होता. लढाया तो जिंकून द्यायचा आणि गोरी माणसं पाठीमागं त्याला जनावरांची नावं ठेवायची. बाकी कामांसाठी सरांनी दोन-दोन, तीन-तीन पोरांकडून वाचून घेतलं. सरदाराची पाळी आली तेव्हा पुस्तकातून मान वर न काढता मला म्हणाले, "हे तू करशील."

मी औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. रंगानं वडिलांवर गेलेला, म्हणजे चांगलाच काळा. माझा एक गोरा, उंच मित्र हसला, "बरं झालं, मेकअपची तकलीफ वाचली."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाताना एसटीत डोक्यात किडा वळवळायला लागला. मलाच काहून?

घरी पुस्तक उघडलं आणि सरदाराच्या प्रत्येक अपमानाखाली पेन्सिलीनं रेघ ओढत गेलो. तो स्टेजवर यायच्या आधीच पानं रेघांनी भरली. तो आल्यावर बोलत होता मात्र किती गोड, ज्यांनी नावं ठेवली त्यांनाच आवडेल असं. आणि अख्ख्या नाटकात त्याचं स्वतःचं एक माणूस नव्हतं. आई नाही, भाऊ नाही, त्याच्या बोलीतला एक शब्द नाही. मला लिहिणाऱ्याचाच संशय यायला लागला.

मग सरांचाही. तालमीत ते म्हणायचे, "जरा डोळे वटार, रानटी वाटलं पाहिजे." दुसऱ्या कुणाला असं सांगतात का, याच्यावर मी पाळत ठेवली. नव्हते सांगत.

एक दिवस तालीम संपल्यावर थांबलो.

"सर, सरदारासाठी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं न्हाई तुमी."

"तुझा आवाज चांगला आहे."

"आवाज ऐकला कधी होता?"

सरांनी टेबलावरची पुस्तकं लावली. मग म्हणाले, "रंग बघितला. खोटं कशाला बोलू?"

वाटलं होतं, खरं कळलं की हलकं वाटेल. उलट अंग तापलं. मी म्हणालो, "मग मला त्याचा वैरी द्या. जो सगळ्यात जास्त शिव्या देतो तो."

सरांनी दिला. सरदार झाला तो गोरा मित्र. त्याच्या तोंडाला फासायला काळा रंग आणला होता. त्याला रंग लावला तर मी स्टेजवर येणार नाही, असं सरांना सांगितलं. तो तसाच, गोऱ्या तोंडानं उभा राहिला. मी ते सगळे रेघा ओढलेले शब्द ताकद लावून त्याच्यावर फेकले. लोक खदाखदा हसले. इंग्रजी किती जणांना कळत होतं कोण जाणे. शब्दांना हसत होते, की ते शब्द माझ्या तोंडी बघून हसत होते, हे मला आजही सांगता येत नाही. मित्र स्टेजमागं आला तो थेट माझ्यासमोर. "तू नाटकातलं न्हाई, मनातलं खरंच बोलून राहिला होता," तो म्हणाला. मी ते नाकारलं नाही.

आई तांड्यावरून मुद्दाम आली होती. परतताना एसटीत तिनं विचारलं, "त्या पोराला तू काय बोलत होता?"

"शिव्या देत होतो. परक्या मुलखातला म्हणून."

"त्यानं काय केलतं?"

"काही न्हाई."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला पोराचं कौतुक करायचं होतं, ते जमेना. तिनं खिडकीकडं तोंड केलं.

आता मी वसमतला इंग्रजी शिकवतो. ते नाटक अभ्यासक्रमात आहे. ते शब्द मी कुठल्याच पोराला मोठ्यानं वाचायला लावत नाही, स्वतः वाचतो. वाचताना माझा आवाज अजून चढतो, आणि तो कुणावर चढतो याची मला पूर्ण खात्री नाही.